स्वयंसेवकाचा वकील आणि त्याची फी

स्वातंत्र्याच्या आणि समाजकार्याच्या इतिहासात आपण दोन प्रकारच्या माणसांची नावे लक्षात ठेवतो. जे फासावर गेले त्यांची, आणि जे तुरुंगात गेले त्यांची. ह्या दोहोंच्या अलीकडे एक जागा आहे. ती म्हणजे न्यायालयाचा व्हरांडा. तेथे स्वयंसेवक महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट पाहत उभा असतो. त्याला वकील कोणी दिला, त्या वकिलाची फी कोणी भरली, जामीन कोण राहिला, आणि तारखेच्या दिवशी त्याच्या घरची चूल कशावर पेटली, हे प्रश्न चरित्रकार सहसा विचारीत नाहीत. आजच्या व्याख्यानात आम्ही हाच जमाखर्च आपल्यापुढे मांडणार आहोत; आणि तो मांडताना ठाणे जिल्ह्याचे शहापूर व मुरबाड हे दोन डोंगरी तालुके नजरेसमोर ठेवणार आहोत.

हे दोनच तालुके का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या नकाशात आहे. शहापूर तालुक्यातून लोहमार्ग जातो. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करीत तो कसाऱ्याच्या घाटाशी पोहोचतो. परंतु डोळखांबच्या अंगाची गावे आणि वाड्या त्या मार्गापासून बऱ्याच आत आहेत. मुरबाड तर रेल्वेच्या वाटेवर नाहीच. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची मुख्य वाट. तानसा आणि भातसा ह्या शहापूरच्या जलाशयांचे पाणी मुंबई पिते. येथील वस्ती कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा कष्टकऱ्यांची. किरकोळ फौजदारी खटला असेल तर शहापूरच्या किंवा मुरबाडच्या न्यायालयात निभावते. गुन्हा भारी असेल तर मात्र कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. टोकावड्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतील माणसाला, मोटारी तुरळक होत्या त्या काळी, सकाळी अकरा वाजता ठाण्यात उभे राहायचे असेल तर आदल्या दिवशीच घर सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते. जाण्यायेण्याचे भाडे, दोन वेळचे अन्न, बुडालेली मजुरी, आणि शेवटी कळते काय, तर साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या! वकिलाची फी एकदा ठरते. तारखेचा खर्च दर महिन्याला नव्याने उभा राहतो. पुढे जे सांगावयाचे आहे त्याची गुरुकिल्ली ह्या साध्या हिशेबात आहे.

आता थोडे मागे जाऊ. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. बंडखोराचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी स्वतःवर ओढवून घेणे होते. ते वकीलपत्र घेतले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, ह्यांनी. सार्वजनिक सभेचा हा संस्थापक फडक्यांच्या सशस्त्र मार्गाचा अनुयायी मुळीच नव्हता. अर्जविनंत्या, देशी मालाचा पुरस्कार, सनदशीर चळवळ हा काकांचा मार्ग. तरीही आरोपीची बाजू न्यायासनापुढे मांडली गेली पाहिजे, एवढ्या एका तत्त्वासाठी ते उभे राहिले. बचाव करणे आणि कृत्याला संमती देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा महाराष्ट्राला अशा रीतीने फार लवकर मिळाला. तो नेहमी ध्यानात राहिला असे मात्र म्हणवत नाही.

अठरा वर्षांनी, १८९७ च्या सप्टेंबरात, टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. येथे बचावाच्या पैशाची सार्वजनिक वर्गणी ही गोष्ट आपल्याकडे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसते. मदत कोठून आली, तर बंगालमधून. कलकत्त्याच्या मित्रांनी निधी जमविला. तो जमविण्याच्या खटपटीत रवींद्रनाथ ठाकूरही होते. प्यू आणि गार्थ हे दोन बॅरिस्टर कलकत्त्याहून मुंबईस धाडण्यात आले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन मंजूर केला, आणि द्वारकादास धरमसी ह्या मुंबईच्या धनिकाने जामीन राहण्याचे धैर्य दाखविले. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोषी म्हटले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. खटला हरला खरा. पण एका प्रांताच्या माणसासाठी दुसऱ्या प्रांताने पदराला खार लावून घेतला, ही जमेची बाजू त्या वर्षीच्या खात्यावर कायमची राहिली. पैसा पाठविणारे हजार कोसांवर होते. त्यांना टिळकांची भाषाही येत नव्हती.

पुढचे वळण विलक्षण आहे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपला बचाव आपणच केला. ज्या दिनशा दावरांनी १८९७ साली त्यांच्या बाजूने काम चालविले होते, तेच आता न्यायासनावर होते, आणि त्यांनीच सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. त्यानंतर गांधीयुग आले. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. सरकारी न्यायालयांवरील बहिष्कार हा त्यातील एक कलम होता. सत्याग्रही स्वयंसेवकाने वकील देऊ नये, आरोप कबूल करावा आणि शिक्षा भोगावी, असा दंडक पडला. १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेस गांधीजींनी स्वतःवरील आरोप मान्य करून सहा वर्षांची शिक्षा हसतमुखाने स्वीकारली, आणि त्या दंडकाला एक तेज प्राप्त झाले. टिळक स्वराज्य फंडात त्या काळी एक कोट रुपये गोळा झाले. त्यात वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी एक लाख रुपये दिले, ते वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या चरितार्थासाठी. १८९७ साली वकील न्यायालयात पाठविण्यासाठी वर्गणी झाली होती. १९२१ साली वकील न्यायालयाबाहेर ठेवण्यासाठी झाली!

ह्या दंडकाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. त्यामुळे तुरुंगाची भीती गेली, आणि वकिलांच्या फीत चळवळीचा पैसा वाहून जाण्याचे थांबले. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बचाव न करणे हीसुद्धा एक ऐपत असते. मिठाचा कायदा मोडल्याबद्दल सहा महिने मिळणार हे ज्याला ठाऊक आहे, ज्याच्या घरी थोरला भाऊ नोकरीस आहे, आणि सुटून आल्यावर ज्याच्या गळ्यात हार पडणार आहेत, त्याला मौन शोभते आणि परवडतेही. पण ज्याच्यावर दंगलीचा, लुटीचा किंवा खुनाचा आरोप ठेवला आहे, ज्याला आरोपपत्रातील भाषा कळत नाही, आणि ज्याची दोन बिघे भात पावसाअभावी नव्हे तर धन्याअभावी करपणार आहेत, त्याने मौन पाळले तर तो सत्याग्रह राहत नाही. ती परस्पर लागलेली वाट असते.

ह्या भेदाची जाणीव १९३० च्या सुमारास देशाला दोन ठिकाणी झाली. पहिले ठिकाण मीरत. १९२९ च्या मार्चमध्ये देशभरातून कामगार कार्यकर्ते पकडून मीरतला नेण्यात आले. त्यांत मुंबईचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे होते, आणि आळवे व कासले हे गिरणीतले कामगारही होते. मुंबईच्या माणसांवर मुंबईत खटला चालविला असता तर ज्यूरी बसली असती; मीरतेस ती नव्हती. आरोपीला त्याच्या घरापासून, मित्रांपासून आणि साक्षीदारांपासून दूर नेले की अर्धी शिक्षा निकालाआधीच भोगून होते. मीरतच्या आरोपींसाठी बचाव समिती निघाली. डॉ. अन्सारी तिचे अध्यक्ष, मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू सभासद. एवढी मोठी नावे असूनही पैसा जमेना. धनिकांना मजूर पुढाऱ्यांविषयी फारसे ममत्व नव्हते, आणि व्यवसायबंधू पूर्ण फीवाचून उभे राहीनात, अशी कडवट नोंद जवाहरलालांनी पुढे आत्मचरित्रात केली आहे. निकाल लागायला १९३३ चा जानेवारी उजाडला. चार वर्षे! तोवर किती जणांचे संसार कसे चालले असतील, ह्याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

दुसरे ठिकाण आपल्या शेजारचे, कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी पडले. झटापटीत मामलेदार जोशी आणि पोलिसांतील काही माणसेही प्राणास मुकली. मग आजूबाजूच्या गावांतून धरपकड झाली आणि शेतकऱ्यांवर भयंकर कलमांचे खटले भरले गेले. येथे ‘आरोप कबूल करा’ असे कोण सांगणार? कबुली म्हणजे फासाचा दोर. ह्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. काँग्रेसशी त्यांचे मतभेद तेव्हा किती तीव्र होते हे सर्वांना ठाऊक आहे. तरी काँग्रेसच्या हाकेला ओ देऊन जंगलात गेलेल्या आगरी, कोळी, कातकरी माणसांचे वकीलपत्र घेताना तो मतभेद त्यांच्या आड आला नाही. सार्वजनिक काकांचा धडा असा पुन्हा गिरवला गेला.

आता मुरबाडकडे वळू. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा प्रदेश भाई कोतवाल म्हणतो, ते शिक्षणाने वकील होते. नाभिक कुटुंबात जन्मलेल्या ह्या तरुणाने कर्जत-मुरबाडच्या डोंगरपट्टीत गावोगाव स्वयंसेवी शाळा चालविल्या, आणि अडीअडचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याची पेढी काढली. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज नेणारे मनोरे दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तेथेच धारातीर्थी पडले. त्या दिवशी सिद्धगडाला आजही लोक जमतात आणि मानवंदना देतात.

मानवंदना योग्यच आहे. पण हुतात्म्याला वकील लागत नाही. मागे उरलेल्याला लागतो. भूमिगतांना ज्यांनी भाकरी दिली, ज्यांनी डोंगराची वाट दाखविली, ज्यांनी पोलिसांना ‘पाहिले नाही’ म्हणून सांगितले, त्यांनीही कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच केला होता. ज्या वकिलाने अशा माणसांची बाजू मांडली असती, तोच त्यांचा पुढारी सिद्धगडावर पडला. चळवळीच्या इतिहासात हे वारंवार घडते. पुढारी जातो किंवा नाहीसा केला जातो, आणि खटला मागे उरलेल्या अनुयायांच्या नावाने चालतो.

त्याच लढ्यातील विदर्भाचे उदाहरण मात्र धीर देणारे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे जे घडले त्यानंतर अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे ह्यांनी गावोगाव हिंडून, अर्जांमागून अर्ज करून जी खटपट केली, तिला यश आले. बचाव म्हणजे नुसते न्यायालयातील भाषण नव्हे. त्यामागे फिरणारे पाय, जमविलेली सह्यांची बाडे, आणि तुरुंगातील माणसाच्या बायकामुलांची विचारपूस असते, हे त्यांच्या कामावरून दिसते.

आता १९४५ सालाची एक तुलना आपल्यापुढे ठेवतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शहानवाझ, सहगल आणि धिल्लाँ ह्या तीन अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. काँग्रेसने बचाव समिती नेमली. भुलाभाई देसाईंनी प्रकृती ढासळलेली असताना युक्तिवाद केला. सप्रू आणि काटजू बरोबर होते. जवाहरलालांनी कैक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढविला. देशभर वर्गणी झाली. शिक्षा झाली ती नववर्षाच्या पहिल्या आठवड्यातच माफ करावी लागली. लोकांच्या पाठबळाने बचाव कसा जिंकतो, ह्याचे इतके उज्ज्वल उदाहरण दुसरे नाही.

आणि त्याच शरद ऋतूत ठाणे जिल्ह्यात काय चालले होते? जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावर, महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी पारुळेकर हे तिचे प्राण. उंबरगावकडून तेथे गेलेल्या मोजक्या वारल्यांनी जे ऐकले ते रानात नेले. मे महिन्यात झरीच्या सभेला हजारो वारली आले आणि वेठ व लग्नगडी ह्यांच्या विरुद्ध उठले. पावसाळा सरताच गवतकापणीच्या मजुरीचा संप झाला. मागणी काय, तर पाचशे रतल गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. त्यानंतर खटले झाले ते गोळी झाडणाऱ्यांवर नव्हेत; ज्यांच्या अंगावर गोळी आली त्या पक्षाच्या माणसांवर झाले. पाचशे रतल गवतामागे अडीच रुपये मागणाऱ्या माणसाने वकिलाची फी कोठून आणावी? लाल किल्ल्यासाठी ज्यांनी सढळ हाताने वर्गणी दिली, त्यांपैकी कितीजणांच्या कानी तलवाड्याचे नाव गेले होते?

आम्ही हे कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. शौर्याची वार्ता लवकर पसरते आणि मजुरीची उशिरा, एवढेच ह्यात दिसते. पुढे १९४६ सालअखेर पारुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यात येण्यास बंदी झाली. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. जिल्हाबंदीचा राजकीय अर्थ सर्वांनी सांगितला आहे. खटल्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, आरोपपत्र वाचून दाखविणारे, साक्षीदार गोळा करणारे आणि मुंबईच्या वकिलाला पत्र लिहिणारे माणूसच वाडीपासून तोडले गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते वाचले असेल तर कोर्ट, फौजदार आणि जमीनदार ह्या तिघांची वारल्याच्या मनातील दहशत किती एकजीव होती, हे आपल्या ध्यानी आलेच असेल.

येथवर झाला तो वर्गणीचा इतिहास. आता सरकारच्या तिजोरीकडे पाहू. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याने आरोपीला वकील देण्याची मुभा दिली होती. वकिलाचा पैसा देण्याचे दायित्व मात्र सरकारवर नव्हते. फाशीच्या शिक्षेचा संभव असेल तेथे गरिबाला वकील नेमून देण्याची प्रथा तेवढी होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या कायदेविषयक मदतीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. समितीने योजना आखून दिली. तिजोरीने हात आखडता घेतला. १९५० च्या राज्यघटनेने आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क दिला. पण पसंती करायची तर खिशात काही असावे लागते!

पाऊल खऱ्या अर्थाने पुढे पडले ते १९७० नंतर. १९७३ च्या नव्या कार्यपद्धतीने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन घातले. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले. १९७८ साली हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपिलासाठी विनामूल्य कायदेमदत हा कैद्याचा हक्क मानला; पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातूनच्या निकालाने तो आणखी पक्का केला. १९८६ साली सुखदासच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की, अशी मदत आरोपीने मागितली नाही म्हणून ती नाकारता येणार नाही, कारण ती मागता येते हेच त्याला ठाऊक नसते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, वेठीचे बळी आणि कोठडीत असलेले लोक ह्यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद आहे. म्हणजे शहापूरच्या ठाकराला किंवा मुरबाडच्या कातकऱ्याला ‘माझ्याजवळ वकिलाला पैसा नाही’ म्हणून आज मुकाट उभे राहण्याचे कायद्याने कारण उरलेले नाही. तलवाड्यापासून येथवर येण्यास पन्नास वर्षे लागली.

मग प्रश्न मिटला का? नाही, आणि का नाही, ते मघाच्या हिशेबात सापडते. कायद्याने फीची सोय केली. जामिनाची, भाड्याची आणि बुडीत मजुरीची केली नाही. १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण आले. जामीन मंजूर झाला होता. पण खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि मोतीरामच्या भावाने जामीन राहण्याची तयारी दाखविली तेव्हा तो दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर गवंड्याला सोडविले. तरी अजून जामीनदार म्हटला की सातबाराचा उतारा किंवा ऐपतीचा दाखला पुढे येतोच. ज्या कातकरी वाडीत कोणाच्याच नावे सातबारा नाही, तिने जामीनदार कोठून आणावा?

१९७० नंतरच्या दोन दशकांत ठाणे जिल्ह्यात भूमिसेना, कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, श्रमिक मुक्ती संघटना अशा संघटना उभ्या राहिल्या. वेठबिगारी, जंगलजमीन, रोजगार हमीची मजुरी, धरणात जाणारी गावे हे त्यांचे विषय. अशा कामातील स्वयंसेवकावर येणारी कलमे ठराविक असतात. मनाई हुकूम मोडला, बेकायदा जमाव जमविला, सरकारी कामात अडथळा आणला, राखीव जंगलात शिरला. ह्यांतील पुष्कळ खटल्यांत शेवटी शिक्षा होत नाही. काही तर सरकारच निर्णय काढून मागे घेते. पण शिक्षा हा खटल्याचा शेवट आहे, आणि झीज त्याआधीच होऊन गेलेली असते. तिसऱ्या वर्षी स्वयंसेवक बैठकीला यायचा थांबतो. त्याला कोणी धमकी दिलेली नसते. त्याची बायको एवढेच म्हणते की, आता पुरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यायालय हे केवळ आरोपी म्हणून उभे राहण्याचे ठिकाण नाही. २०१२ साली काळू नदीवरील धरणाचे काम मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले, ते मुरबाडच्या श्रमिक मुक्ती संघटनेच्या अर्जावरून. ज्यांच्या आधीच्या पिढ्या आरोपी म्हणूनच कचेरीची पायरी चढल्या, त्यांनी अर्जदार म्हणून ती चढावी, हे ह्या प्रदेशातले लहान परिवर्तन नव्हे.

एक आक्षेप येथे उभा राहतो, आणि तो गैरवाजवी नाही. लोकांच्या वर्गणीतून आरोपींचा बचाव करायचा, तर ज्याने खरोखर डोके फोडले त्याचाही करायचा काय? ह्यावर सार्वजनिक काकांनी आणि बाबासाहेबांनी आपल्या आचरणाने उत्तर दिले आहे. कोणी काय केले हे ठरविण्यासाठीच तर न्यायालय आहे; आणि दोन्ही बाजू ऐकल्यावाचून ते ठरत नाही. वकील देणे म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला देणे नव्हे. उलट ज्या संघटनेने आपल्या माणसांना मोर्च्याला बोलावले, तिने त्यांना न्यायालयात एकटे सोडणे हा विश्वासघात होय.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि आमच्या मते तो अधिक गंभीर. बचावनिधी पुढाऱ्याच्या खटल्यात संपतो. ज्याचे नाव वर्तमानपत्रात येते त्याला नामांकित वकील मिळतो, आणि आरोपपत्रात ज्याचे नाव सतराव्या क्रमांकावर आहे त्याला तारखेची खबरही कोणी देत नाही. म्हणून निधीला चार नियम असावेत असे वर सांगितलेल्या इतिहासावरून आम्हांस वाटते. तो अटकेआधी जमलेला असावा. त्याचा पैसा सर्वांत दूरच्या आणि सर्वांत गरीब आरोपीपासून वाटला जावा. आणि त्यात वकिलाच्या फीबरोबर भाडे व मजुरीही धरलेली असावी. आणि त्याचा हिशेब वर्गणीदारांपुढे दरवर्षी वाचला जावा. भाई कोतवालांनी धान्याची पेढी काढली ती भूक लागल्यावर नव्हे. सुगीत भरली म्हणून ती आषाढात उपयोगी पडली. बचावाच्या पैशाचेही तसेच आहे.

श्रोतेहो, आपल्यासारख्या नगरवासीयांनी ह्यात काय करावे, असे आपण विचाराल. आपल्यापैकी जे वकील आहेत त्यांनी वर्षाकाठी एखादे वकीलपत्र शहापूर-मुरबाडच्या न्यायालयात विनामूल्य घ्यावे; आणि जे वकील नाहीत त्यांनी एखाद्या स्वयंसेवकाच्या वर्षभराच्या तारखांचे भाडे उचलावे. १८९७ साली कलकत्त्याच्या माणसांनी न पाहिलेल्या पुण्यासाठी एवढे केले. त्या मानाने आसनगाव फार जवळ आहे, आणि सकाळी आपल्या नळाला येणारे पाणी त्याच डोंगरांतून येते.